हंगाम कोणाच्या घड्याळावर?

जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, म्हणजेच जे-लीगने, डिसेंबर २०२३ मध्ये एक दूरगामी निर्णय घेतला. १९९३ साली सुरू झाल्यापासून ही लीग वसंतात आरंभ होऊन हिवाळ्याच्या तोंडाशी संपत आली. २०२६-२७ च्या हंगामापासून ती ऑगस्टच्या आरंभी सुरू व्हावी, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबावी आणि पुढच्या वर्षी मे-जूनच्या सुमारास संपावी, असे ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरनेही त्याच वाटेने जाण्याचे ठरविले. तेथे हा बदल २०२७ पासून व्हावयाचा आहे. फुटबॉल हिवाळ्यात खेळावा की उन्हाळ्यात, हा प्रश्न आमच्या पानावर पाहून काही साथींच्या भुवया उंचावतील. पण हंगाम म्हणजे अखेर कामाचे वेळापत्रक. आणि कामाचे वेळापत्रक कोण ठरवितो, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

फुटबॉल हा हिवाळी खेळ आहे, ही समजूत इंग्लंडने जगाला दिली. तिच्यामागे निसर्गाचा कोणताही नियम नाही. उन्हाळ्यातील मैदाने क्रिकेटने आधीच व्यापली होती, म्हणून फुटबॉलच्या वाट्याला उरलेले महिने आले. आणि शनिवारची दुपार त्याच्या वाट्याला आली ती कारखाना कायद्यामुळे. १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबविले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांचीही सुटका झाली. या मोकळ्या दुपारीच लँकेशायरच्या गिरणगावांत फुटबॉलला प्रेक्षक मिळाला. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे बाराही संघ लँकेशायर आणि मिडलंड्स या औद्योगिक पट्ट्यांतले होते, हा योगायोग नव्हे. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्या रविवारीही कामगार मैदानाकडे वळला. खेळाचा इतिहास लिहिणारे गोल मोजतात. ज्या सुटीवाचून तो गोल पाहायला कोणी आलेच नसते, ती सुटी मात्र त्यांच्या लिखाणात क्वचित आढळते.

हिवाळ्याची किंमतही इंग्लंडने वेळोवेळी मोजली. १९६३ च्या गोठलेल्या हिवाळ्यात एफ. ए. कपची एकच फेरी पुरी व्हायला सहासष्ट दिवस लागले होते. जानेवारी २०२३ मध्ये चेल्सी आणि लिव्हरपूल यांच्या महिला संघांचा सामना गोठलेल्या मैदानामुळे सहा मिनिटांत सोडून द्यावा लागला. गमतीची गोष्ट अशी, की हीच महिला लीग २०११ मध्ये उन्हाळी लीग म्हणून जन्माला आली होती आणि पुरुषांच्या हंगामाशी जुळवून घेण्यासाठी २०१७ मध्ये हिवाळ्याकडे वळली होती.

ज्यांना हिवाळ्याची खरी ओळख आहे, ते देश मात्र वेगळे वागतात. स्वीडनने १९५० च्या दशकाच्या अखेरीस शरद-वसंताचा हंगाम टाकून वसंत-शरदाचा स्वीकारला. नॉर्वे आणि फिनलंडही तसेच खेळतात. आयर्लंडने २००३ मध्ये उन्हाळी हंगाम घेतला, ते उदाहरण आम्हांला विशेष बोलके वाटते. इंग्लंडसारख्या बलाढ्य शेजाऱ्याचे सामने हिवाळाभर दूरचित्रवाणीवर आणि लोकांच्या तोंडी असताना छोट्या आयरिश लीगला श्वास घ्यायला जागा नव्हती. शेजारी झोपलेला असताना खेळायचे, असे तिने ठरविले. दुसऱ्याच वर्षी डब्लिनचा शेलबर्न संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये तिसऱ्या पात्रता फेरीपर्यंत पोहोचला. याचे सारे श्रेय हंगामाला देणे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला शोभणार नाही. पण वेगळे राहिल्याने नुकसानच होते, हा सिद्धांत तेवढ्याने डळमळतो.

आता जपानकडे वळू. तेथील लीगने बदलासाठी मुख्यतः तीन कारणे दिली. पहिले, जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात खेळाडूंचे धावणे मंदावते, खेळाचा दर्जा घसरतो. दुसरे, आशियाई क्लबांची स्पर्धा २०२३-२४ पासून शरद-वसंतात होऊ लागली, तिच्याशी मेळ बसला पाहिजे. तिसरे, युरोपच्या बाजारात खेळाडूंची खरेदी-विक्री जेव्हा जोरात असते, त्या वेळी जपानचा हंगाम ऐन मध्यावर असतो. तो संपलेला असावा.

उकाड्याचे कारण खोटे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानातील इसेसाकी येथे ४१.८ अंश तापमान नोंदले गेले, हा त्या देशाचा उच्चांक ठरला. पण नवे वेळापत्रक नीट वाचले, तर एक विसंगती लक्षात येते. जून-जुलैची सुटी मिळते, पण ऑगस्ट तसाच राहतो; उलट, हंगामाचा आरंभच त्यात होतो. अमेरिकेत तर नवा हंगाम जुलैच्या उत्तरार्धातच सुरू व्हावयाचा आहे. उन्हापासून खेळाडूला वाचविणे हाच मुख्य हेतू असता, तर ऑगस्ट आधी सोडला असता. म्हणजे तीन कारणांपैकी जे बोलायला सर्वांत भावणारे ते पुढे, आणि ज्याचे वजन सर्वांत अधिक ते मागे, अशी ही मांडणी आहे.

या बदलाचा खर्च कोणावर पडतो, तेही पाहिले पाहिजे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर सैबेरियाचे वारे समुद्रावरून ओलावा घेऊन येतात आणि नीगाता, यामागाता, आकिता या प्रदेशांत जगातील फार मोठ्या हिमवृष्टींपैकी एक होते. फेब्रुवारीच्या मध्यावर विश्रांती संपली म्हणून बर्फ संपत नाही. तेथील संघांना सरावासाठी उबदार दक्षिणेकडे तळ हलवावा लागतो, मैदानावरचा बर्फ उपसावा लागतो, आणि प्रेक्षकाला गोठलेल्या रस्त्यावरून येऊन दोन तास उघड्यावर बसावे लागते. नीगाताच्या क्लबाने या बदलाला उघड विरोध केला. टोकियो वा ओसाकाच्या क्लबाला हा बदल म्हणजे दिनदर्शिकेचे एक पान उलटणे. नीगाताला तो दरवर्षीचा खर्च आहे. लीगने साह्याचे आश्वासन दिले आहे आणि ते पाळले जाईल असे आपण धरून चालू. तरीही लाभ एका ठिकाणी आणि भार दुसऱ्या ठिकाणी, हे या व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही. शिवाय जपानात शाळा-महाविद्यालये मार्चमध्ये संपतात. फुटबॉलवर पोट भरू पाहणारा अठरा वर्षांचा मुलगा मार्चअखेर बाहेर पडेल, तो हंगाम सरत आलेला असताना. त्याने पुढचे चार महिने काय करावे?

मग खरे वजन आहे ते तिसऱ्या कारणाला. युरोप हे फुटबॉलचे महानगर आहे आणि बाकीचे जग त्याला कच्चा माल पुरविते. माल केव्हा पाठवायचा, हे खरेदीदाराच्या सोयीने ठरते. येथे मुंबईची एक जुनी हकिकत आठवते. १९०६ च्या आरंभी सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईत मोठा क्षोभ झाला. स्थानिक वेळेच्या घड्याळावर जगणाऱ्या गिरणी कामगारांनीही काही ठिकाणी काम बंद ठेवून निषेध केला. घड्याळाचे काटे पुढे गेल्याने त्यांना सूर्याच्या हिशेबाने अधिक लवकर कामावर यावे लागणार होते, ही त्यांची साधी तक्रार होती. महापालिका तर पुढे कित्येक दशके मुंबईची वेळ धरून बसली. प्रमाणवेळ आज आपण सर्वांनी पत्करली आहे आणि तिच्याविरुद्ध आमचे म्हणणे नाही. पण घड्याळ बदलले की कोणाची तरी झोप कमी होते, हे त्या कामगारांना अर्थतज्ज्ञांच्या आधी कळले होते.

बाजाराशी जुळवून घेतले नाही तर आपण मागे पडू, या भीतीचे उत्तर नॉर्वेत आहे. ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला असलेल्या बोडो या छोट्या शहराचा संघ उन्हाळी हंगामात खेळतो, आणि २०२५ मध्ये तो युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत होता. स्वीडनचे खेळाडू युरोपभर खेळतात, त्यांचे दिनदर्शिकेमुळे काही अडलेले नाही. उलट, रशियाने २०११-१२ मध्ये युरोपशी जुळणारा हंगाम स्वीकारला खरा, परंतु डिसेंबर ते फेब्रुवारी मैदाने बंदच ठेवावी लागली. हिमाने कागदावरच्या ठरावाला दाद दिली नाही.

याचा अर्थ उन्हाळाच श्रेष्ठ, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. थंड देशाने उन्हात खेळावे आणि उष्ण देशाने थंडीत, इतके साधे शहाणपण पुरे आहे. जून-जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या क्लब विश्वचषकात डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी पूर्वार्ध मैदानाबाहेरच्या बाकाऐवजी कपडे बदलण्याच्या खोलीतून पाहिला. आणि चेल्सीच्या एन्झो फर्नांडिसने, उकाड्याने चक्कर येऊन आपल्याला मैदानावर आडवे व्हावे लागले, असे सांगितले. हे दोघेही आपापल्या व्यवसायातील लक्षाधीश, पण शरीर हे सर्वांचे सारखेच असते.

सारखे असते, पण सारखे वागविले जात नाही. २०१० मध्ये कतारला विश्वचषक दिला गेला आणि २०१५ मध्ये तो उन्हाळ्यातून नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये हलविला गेला. वाळवंटातील जूनमध्ये खेळणे अशक्य, हे सर्वांना पटले. ज्या मजुरांनी ती मैदाने बांधली, त्यांच्यासाठी मात्र जून कोणी हलविला नाही. त्यांच्यात आपल्याच देशातले, नेपाळ-बांगलादेशातले लोक होते. तेथे १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात दुपारी साडेअकरा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम होता; २०२१ मध्ये तो वाढवून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन असा केला गेला. तोवर मैदानांचे बहुतेक बांधकाम उरकले होते.

त्या नव्या नियमात मात्र एक गोष्ट घेण्याजोगी आहे. उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा यांचा मिळून जो निर्देशांक काढतात, तो ३२.१ च्या वर गेला की दिवसाच्या कोणत्याही वेळी काम थांबविणे तेथे बंधनकारक झाले. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा दंडक असा, की हा निर्देशांक ३२ झाला की पाणी पिण्यासाठी विश्रांती द्यावी. सामना थांबविणे आयोजकाच्या मर्जीवर. खेळाडूंची संघटना, फिफप्रो, म्हणते की २८ च्या पुढे सामनाच लांबणीवर टाकावा. बत्तीस आणि अठ्ठावीस यांच्यामध्ये जे चार अंक आहेत, तेथेच सारा झगडा आहे.

आपल्याकडे या झगड्याला तोंडच फुटलेले नाही. आपला फुटबॉल मुळात पावसाळी. मोहन बागानने शील्ड जिंकली ती २९ जुलै १९११ रोजी. मुंबईतही मैदानांवर कोरडे महिने क्रिकेटचे आणि पाऊस फुटबॉलचा, अशी वाटणी होती (कांगा लीगचे क्रिकेट हा एक हट्टी अपवाद). कूपरेजवर छत्री मिटवून, भिजत उभे राहून पाहिलेले सामने प्रस्तुत लेखकाला अजून आठवतात. चिखलाने संघांचे रंग एक होऊन जात. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि व्यावसायिक फुटबॉल हिवाळ्यात सरकला. येथील हवामानाला तो बदल मानवणारा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या हंगामाचाही आधार हवामान नव्हता, व्यापारी करार होता. डिसेंबर २०२५ मध्ये कराराची मुदत संपली आणि हंगाम लोंबकळत राहिला. जानेवारी २०२६ च्या आरंभी सुनील छेत्रीसह नामांकित खेळाडूंना जागतिक संघटनेकडे जाहीर गाऱ्हाणे मांडावे लागले. अखेर १४ फेब्रुवारीला, चौदा संघ एकमेकांशी एकदाच खेळतील अशा रूपात, लीग सुरू झाली, ती उन्हाळ्याच्या तोंडावर. थंडीचे चार महिने कागदपत्रांत गेले. आपल्या खेळाडूने मार्च-एप्रिलच्या घामात खेळावे, हे कोणी ठरविले असे विचारले, तर बोट दाखवायला एक माणूस सापडणार नाही. ते एका कराराच्या मुदतीने ठरविले.

यावर आमची मागणी साधी आहे. वेळापत्रक ठरविणाऱ्या समितीत खेळाडूंच्या प्रतिनिधीला मत असावे, केवळ निमंत्रण नव्हे. उष्णतेचा दंडक नियमात लिहिला जावा आणि तो मोजणारा माणूस आयोजकाच्या पगारावर नसावा. आणि त्याचा आरंभ वरून नव्हे, खालून व्हावा. सुपर लीगचे सामने निदान सायंकाळी प्रकाशझोतात होतात. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांना प्रकाशझोत नसतो. मैदान एकाच दिवसाचे मिळते, म्हणून सकाळी नऊपासून ओळीने सामने लावले जातात, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या एखाद्या संघाच्या वाट्याला भर दुपारची वेळ येते. त्या मैदानावर निर्देशांक मोजण्याचे साधन आधी पोहोचले पाहिजे.