कयामत आणि हातातलं रोप

जुलैतल्या एका शुक्रवारी लोणावळ्यात जुम्याची नमाज पढलो. बाहेर धो-धो पाऊस. तो कमी व्हायची वाट पाहत आम्ही काही जण मशिदीच्या पायरीवर उभे होतो. कुणीतरी इर्शाळवाडीचा विषय काढला. एक बुजुर्ग म्हणाले, "आखरी जमाना है बेटा, कयामत की निशानियाँ हैं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि विषय संपला. मागे वजूखान्यातला एक नळ मात्र तसाच वाहत होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

खंडाळा-लोणावळ्यात ख्रिस्ती संस्था, शाळा जुन्या आहेत. पण त्या बहुतेक कॅथलिक. मी सांगतोय तो वाद इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथीयांचा आहे, आणि तो मुख्यतः अमेरिकेत रंगला. त्यांच्यातही अनेक जण आमच्या बुजुर्गांसारखंच बोलतात: येशू परत येणार, हे जग संपणार, मग तापमानाची चिंता कशाला?

वादाचं मूळ उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वीवर सत्ता देतो. दुसऱ्यात त्याला बागेत ठेवतो, मशागत आणि राखण करायला. मग माणूस धनी की राखणदार? 1967 मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी निसर्गाच्या नासाडीचं खापर पहिल्या अर्थावर फोडलं, तेव्हापासून ही चर्चा थांबलेली नाही. 2000 साली 'कॉर्नवॉल जाहीरनामा' आला. त्याच्या समर्थकांचं म्हणणं असं की, हवामानाचा धोका फुगवून सांगितला जातो आणि इंधनावर बंधनं घातली तर गरीबच मरेल. 2006 मध्ये 86 इव्हँजेलिकल नेत्यांनी उलट भूमिका घेतली: हवामान बदल खरा आहे, माणसामुळे आहे आणि त्याचा पहिला फटका गरिबालाच बसेल.

दोन्ही बाजू गरिबाचंच नाव घेतात. तो गरीब आपल्याला घाट उतरला की भेटतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरवाडी दरडीखाली गेली. 80 हून अधिक माणसं गेली. एक दरड हवामान बदलाच्या खात्यावर लिहिता येत नाही, हे खरं. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, आणि थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाचं प्रमाण वाढतं. डोंगराच्या पोटाशी राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. स्वस्त वीज त्याला हवीच आहे, पण आधी घर जागेवर राहायला हवं.

आता आपल्याकडे वळू. कुरआन माणसाला जमिनीवरचा खलिफा म्हणतो. आपण त्याचा अर्थ सोयीने 'मालक' असा घेतो. खलिफा हा प्रतिनिधी असतो. त्याच्या हाती आहे ती अमानत, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उल्लेखासोबतच मीजानचा, तराजूचा उल्लेख येतो, आणि त्यात गडबड करू नका अशी ताकीदही. ऑगस्ट 2015 मध्ये इस्तंबूलला जमलेल्या मुस्लिम विद्वानांनी याच आधारावर जाहीरनामा काढला आणि श्रीमंत व तेलसंपन्न देशांना शतकाच्या मध्यापर्यंत प्रदूषक वायू थांबवायला सांगितलं. त्या देशांत मुस्लिम देशही आले. मी आजवर ऐकलेल्या एकाही खुतब्यात त्याचा उल्लेख नव्हता.

राहिला प्रश्न कयामतीचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस मुस्नद अहमदमध्ये आहे. तिचा आशय असा: कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात खजुराचं रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका. फळ खायला कुणी उरणार नाही, हे ठाऊक असतानाही. शेवट जवळ आहे म्हणून हात बांधून बसायची सवलत इथे कुणालाच दिलेली नाही.

त्या शुक्रवारी घरी येताना मावळात भाताची लावणी चालू होती. वडगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ इथली ओळख आहे. गुडघाभर चिखलात वाकून बाया रोपं लावत होत्या. पाऊस पुढे कसा वागेल, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आपण काय करू शकतो? प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करत. आपल्या मशिदींत नळ तसे लावता येतील, वजूचं पाणी झाडांना देता येईल. डोंगर कापून पाडलेल्या प्लॉटवर बंगला घेताना पैसे आपलेच असतात. तिथे थांबता येईल. आणि इमामसाहेबांना विनंती करता येईल की, पावसाळ्यातल्या एखाद्या जुम्याला कयामतीच्या निशाण्यांसोबत ही रोपाची हदीसही सांगा. मी पुढच्या शुक्रवारी ती करणार आहे. त्याआधी तो नळ बंद करीन.