रेनडिअर ताटात

अमेरिकेत नाताळच्या सकाळी अनेक घरांत पॅनकेकचा रेनडिअर होतो: मोठा गोल म्हणजे चेहरा, त्यावर छोटा लंबगोल म्हणजे तोंड, बेकनच्या पट्ट्यांची शिंगं, ब्लूबेरीचे डोळे आणि रास्पबेरीचं लाल नाक. हा लाल नाकाचा रेनडिअर म्हणजे रुडॉल्फ, आणि तो काही पुराणातला नव्हे. १९३९ साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी तो आपल्या नोकरीतल्या रॉबर्ट मे यांच्याकडून लिहून घेतला. जाहिरातच ती, पण गोड! ताटातल्या रेनडिअरची खरी कसोटी मात्र पिठाची. गुठळी दिसली की मोडायची, ही आपली सवय इथे आवरा. मैदा फार घोटला की पॅनकेक चिवट होतो. वरचे बुडबुडे फुटू लागले की तो उलटवा. रेनडिअरऐवजी सांता करून त्याला क्रीमची दाढी काढणार असाल, तर थोडं थांबा. गरम पॅनकेकवर ती टिकत नाही.