एका देशाची दोन वये

१९७१ च्या जनगणनेत आजच्या बिहारच्या हद्दीत सुमारे ४.२ कोटी लोक राहत होते आणि तमिळनाडूत ४.१ कोटी. लोकसभेत आज बिहारच्या ४० आणि तमिळनाडूच्या ३९ जागा आहेत, त्या याच जवळपास सारख्या लोकसंख्येच्या हिशोबाने. २०११ च्या जनगणनेपर्यंत बिहार १०.४ कोटींवर पोहोचला होता, तमिळनाडू ७.२ कोटींवर. जागा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. त्यामुळे बिहारचा एक खासदार सरासरी २६ लाख लोकांचे प्रतिनिधित्व करतो, तर तमिळनाडूचा साडेअठरा लाखांचे. हा अन्याय आहे, असे पाटण्यात म्हटले जाते. कुटुंब मर्यादित ठेवले म्हणून आमच्या जागा कमी करणे हाच अन्याय ठरेल, असे उत्तर चेन्नईतून येते. माझ्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ गणिताने सुटणारा नाही.

लोकसंख्येबद्दल बोलताना आपण जगाची सोयीस्कर विभागणी करतो. विकसित देश म्हातारे होत आहेत आणि विकसनशील देश तरुणांनी ओसंडून वाहत आहेत, असे ते चित्र असते. जपानमध्ये दर दहांपैकी जवळपास तीन माणसे ६५ वर्षांवरची आहेत. २०२४ मध्ये तेथे जन्मलेल्या बालकांची संख्या प्रथमच सात लाखांच्या खाली गेली. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी संख्या, ०.७२ इतका घसरला. दुसऱ्या टोकाला नायजरसारखा आफ्रिकी देश आहे. तेथे ही सरासरी सहाच्या आसपास असून लोकसंख्येचा जवळपास निम्मा भाग १५ वर्षांखालचा आहे. एकीकडे कारखान्यांना आणि रुग्णालयांना माणसे मिळत नाहीत, दुसरीकडे मुलांना शाळा आणि तरुणांना काम मिळत नाही.

भारत या विभागणीत कोठेच बसत नाही, कारण ही दोन्ही टोके आपल्या एकाच देशाच्या सीमेत आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशाचा प्रजनन दर २.० आहे. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यासाठी तो २.१ असावा लागतो. म्हणजे ज्या ध्येयासाठी १९५२ मध्ये आपण जगातील पहिला सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, ते देश म्हणून आपण गाठले आहे. पण ही सरासरी फसवी आहे. बिहारमध्ये हा दर जवळपास ३ आहे, उत्तर प्रदेशात २.४. केरळमध्ये तो १.८, महाराष्ट्रात १.७ आणि पश्चिम बंगाल व पंजाबात १.६ आहे. केरळने २.१ ची पातळी १९८० च्या दशकाच्या अखेरीस गाठली, त्यानंतर काही वर्षांतच तमिळनाडूने. २०२१ च्या अंदाजांनुसार केरळमध्ये ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण १६.५ टक्के होते, बिहारमध्ये ७.७ टक्के. वयाच्या दृष्टीने ही एकाच देशातील दोन राज्ये आहेत, असे म्हणणे कठीण आहे.

या वास्तवाकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र अजून अर्धशतकापूर्वीची आहे. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख डॉ. करण सिंह यांनी, विकास हेच संततिनियमनाचे सर्वोत्तम साधन आहे, अशी भूमिका मांडली. दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्यांच्याच खात्याने विकासाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही असे जाहीर केले, आणि १९७६–७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या सक्तीचा राजकीय हिशोब मतदारांनी १९७७ मध्ये चुकता केला, पण सक्तीमागची भीती टिकली. दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायतीची निवडणूक लढवू न देणारे कायदे अनेक राज्यांनी केले. महाराष्ट्रातही सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्यासाठी ही अट आली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने लोकसंख्येच्या ‘वेगवान वाढी’वर विचार करण्यासाठी उच्चाधिकार समितीची घोषणा केली, तीही प्रजनन दर २.० वर आल्यानंतर.

त्याच वर्षी दक्षिणेत उलटे वारे वाहू लागले. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी लोकांनी अधिक मुले होऊ द्यावीत, असे आवाहन केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या राज्याने १९९० च्या दशकातील दोन अपत्यांची अट रद्दही केली. अट गेली याचे मी स्वागत करतो, पण आवाहनाचे नाही. काल राज्यसंस्था स्त्रीला सांगत होती की, तिसरे मूल म्हणजे देशद्रोह. आज तीच सांगते आहे की, तिसरे मूल म्हणजे राज्याभिमान. दोन्ही वेळा स्त्रीला स्वतःला काय हवे, हे विचारायचे राहूनच गेले.

शिवाय अशी आवाहने यशस्वी होत नाहीत. चीनने १९८० च्या सुमारास एक अपत्याचे धोरण सक्तीने लादले. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन अपत्यांना मुभा दिली, तरी २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटते आहे. दक्षिण कोरियाने गेल्या दोन दशकांत जन्म वाढवण्यासाठी अनुदाने, भत्ते, सवलती यांवर अफाट पैसा खर्च केला, तरीही तेथील दर जगातील नीचांकी पातळीवर गेला. महागडी घरे, शिक्षणातील जीवघेणी स्पर्धा, कामाचे लांबलचक तास आणि घरातील सारा भार स्त्रीवर, ही कारणे पैशाने मिटली नाहीत. एकदा लहान कुटुंबाची सवय लागलेला समाज फर्मानाने मागे फिरत नाही.

दुसरा भ्रम तरुण लोकसंख्येच्या ‘लाभांशा’चा आहे. हा लाभांश मुदत ठेवीवरील व्याजासारखा आपोआप खात्यात जमा होत नाही. काम करणाऱ्या वयातील लोक जास्त आणि अवलंबून असणारे कमी, अशी काही दशके प्रत्येक देशाच्या आयुष्यात एकदाच येतात. कोरिया आणि तैवानने ती वापरली, कारण मुलांना दर्जेदार प्राथमिक शिक्षण मिळाले आणि मुली मोठ्या संख्येने कारखान्यांत आल्या. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्या वाट्याला लाभांशाऐवजी बेरोजगारांची गर्दी येते.

आपल्याकडील वेळही फार नाही. ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शतकाहून अधिक काळ लागला, जपानला जेमतेम २५ वर्षे. भारतात हे प्रमाण आत्ता ७ टक्क्यांच्या आसपास आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ६० वर्षांवरील भारतीयांची संख्या सुमारे ३५ कोटींवर, म्हणजे पाचात एक या प्रमाणावर जाईल. फ्रान्स आणि जपान श्रीमंत झाल्यावर किंवा होता होता म्हातारे झाले. आपण श्रीमंत होण्याआधीच म्हातारे होण्याचा धोका आहे. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या वृद्धांना केंद्राकडून मिळणारे निवृत्तिवेतन महिन्याला २०० रुपये आहे आणि जवळपास दोन दशके ते तेवढेच आहे. त्यात राज्ये आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालतात, पण ज्या राज्यांत वृद्ध अधिक गरीब आहेत, तेथेच ती ऐपत कमी आहे.

मग उपाय काय? माझ्या मते तो आपल्या डोळ्यांसमोर रोज रेल्वेने प्रवास करतो आहे. तिरुपूरच्या कापड कारखान्यांत, केरळच्या बांधकामांवर, पंजाबच्या भातशेतात बिहार, झारखंड, ओडिशा आणि बंगालचे तरुण राबत आहेत. जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०२४ मध्ये २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. जपाननेही २०२५ मध्ये भारतीय मनुष्यबळासाठी दार अधिक उघडण्याचे ठरवले. म्हातारे देश तरुण देशांतून माणसे आणू पाहत आहेत. आपल्याकडे हीच देवाणघेवाण देशांतर्गत, कोणत्याही व्हिसाविना चालू आहे. तरीही तिला आपण धोरण मानत नाही, नाइलाज मानतो.

नाइलाज मानण्याची किंमत २०२० च्या टाळेबंदीत दिसली. केंद्राने संसदेत दिलेल्या माहितीनुसार एक कोटीहून अधिक कामगार गावी परतले. ज्या शहरांनी त्यांचे श्रम घेतले होते, तेथे त्यांच्या नावाचा शिधा नव्हता. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेने २०२२ पर्यंत सर्व राज्यांत ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. पण धान्यापलीकडे काय? मुलाची शाळा, गरोदर पत्नीची अंगणवाडी, भाड्याच्या खोलीचा पत्ता आणि मत यांपैकी फारच थोडे त्याच्याबरोबर प्रवास करते. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना मांडली, ती राजकीय पक्षांच्या विरोधामुळे मागे पडली. उलट, खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देण्याचे कायदे आले. हरियाणाचा कायदा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला, तर कर्नाटकने २०२४ मध्ये असे विधेयक आणून काही दिवसांतच ते थांबवले. वृद्ध होत चाललेल्या राज्यांनी तरुण कामगारांना दाराबाहेर ठेवण्याचा प्रयत्न करावा, हे स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेण्यासारखे आहे.

म्हणून देशाला एका नव्या कराराची गरज आहे, असे मी मानतो. त्याची तीन कलमे असावीत. पहिले कलम जागांचे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेतील राज्यवार वाटा १९७१ च्या जनगणनेवर गोठवला आणि २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हा वाटा आणखी एक पिढी तसाच ठेवावा. बिहार आणि उत्तर प्रदेशातील प्रजनन दरही वेगाने उतरत आहेत. दोन दशकांत सारी राज्ये बरीच जवळ येतील आणि तेव्हाचा निर्णय आजच्याइतका कडवट नसेल.

दुसरे कलम पैशाचे. जागांच्या बाबतीत बिहारने संयम दाखवायचा असेल, तर त्याची भरपाई मिळाली पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यातील सुमारे १० टक्के बिहारला आणि ४ टक्के तमिळनाडूला दिले, याबद्दल दक्षिणेत नाराजी आहे. दक्षिणेने ती सोडावी. बिहारच्या शाळेत आज बसलेली मुलगी उद्या होसूरच्या कारखान्यात किंवा कोचीच्या रुग्णालयात काम करणार आहे. तिच्या शिक्षणावर झालेला खर्च हे दान नव्हे, स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद आहे. मात्र हा अधिकचा निधी शाळा, आरोग्य केंद्रे आणि पोषण यांवरच खर्च होईल, अशी अट घालण्याचा हक्क दक्षिणेला जरूर असावा.

तिसरे कलम स्थलांतरिताचे. जेथे काम, तेथे मुलांची शाळा, आरोग्यविमा, पाळणाघर आणि मतदान हे सारे हक्क त्याला मिळाले पाहिजेत. केरळने २०१७ मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी ‘आवाज’ ही विमा योजना आणि एर्नाकुलम जिल्ह्यात त्यांच्या मुलांना त्यांच्या मातृभाषेच्या आधाराने शिकवणारा ‘रोशनी’ प्रकल्प सुरू केला. देशातील सर्वांत वृद्ध राज्याला ही जाणीव सर्वांत आधी व्हावी, हा योगायोग नाही.

या करारावर एक आक्षेप रास्त आहे. एका व्यक्तीला एक मत आणि प्रत्येक मताला समान मूल्य हे लोकशाहीचे मूळ तत्त्व आहे, आणि जागा गोठवून आपण ते लांबणीवर टाकतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण भारत ही केवळ व्यक्तींची बेरीज नाही, तो राज्यांचा संघही आहे. १९७६ मध्ये दिलेला शब्द, की कुटुंब लहान ठेवल्याची राजकीय शिक्षा होणार नाही, हा त्या संघाच्या विश्वासाचा भाग आहे. शिवाय मताचे मूल्य ज्याच्या बाबतीत सर्वांत कमी आहे, तो नागरिक घरापासून हजार किलोमीटरवर राबणारा आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी नसलेला कामगार आहे. त्याचे मत त्याला परत मिळवून देणे हे समतेच्या दिशेने अधिक मोठे पाऊल ठरेल.

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणारी जनगणना आपल्याला सोळा वर्षांनंतर नवे आकडे देईल. ते हाती येताच कोणाच्या किती जागा वाढल्या आणि कोणत्या समाजाची किती मुले, यांवर वाद पेटवणे सोपे जाईल. त्याआधी केंद्राने आंतरराज्य परिषदेची बैठक बोलावून या तीन कलमांवर मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवावे. ही परिषद २०१६ नंतर भरलेली नाही. आकडे येण्यापूर्वी झालेला करार तत्त्वावर होईल. आकडे आल्यानंतरचा प्रत्येक करार सौदा ठरेल.