देवघर तिचं, शंका त्यांची

परवा एका भगिनीचं पत्र आलं. लग्नाला चौदा वर्षं झालेली. यजमान स्वभावाने चांगले, पण संकष्टीचा उपास म्हटला की टोमणा ठरलेला, "देव म्हणजे तुमच्या मनातली भीती. मानसशास्त्राने सिद्ध केलंय." तेही सोसलं असतं. पण आठवीतल्या मुलाने आरतीच्या वेळी विचारलं, "आई, खरं कुणाचं? तुझं की बाबांचं?" बाईंना उत्तर सुचेना.

यजमान म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही हो. व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांनी १९२७ साली असंच मांडलं, की असहाय लेकराला जसा बापाचा आधार, तसा मोठेपणी माणसाला देवाचा. मनाशी प्रामाणिक राहून पाहा. पोराला ताप चढला की देवापुढे नारळ ठेवायला आपणच धावतो ना? पण 'सिद्ध केलंय' हे मात्र खरं नव्हे. आई घाबरली म्हणून पोराला ताप आहे असं ठरत नाही, तशी ती घाबरट आहे म्हणून ताप नाही असंही ठरत नाही. श्रद्धा मनात कुठून आली हा एक प्रश्न, देव आहे की नाही हा दुसराच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ सालीच बजावलं होतं, श्रद्धेचं मूळ उकरून तिची किंमत करू नका, तिच्यामुळे माणूस कसा जगतो ते बघा. आता हा न्याय आपल्यालाही लागू, बरं का! नवस फळला हाही देवाचा पुरावा नव्हे.

पत्र वाचताना मला आठवल्या इंग्लंडच्या एमाबाई, उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विन यांच्या पत्नी. लग्नाआधी वडिलांनी चार्ल्सना सल्ला दिला होता, की धर्माबद्दलच्या शंका बायकोपासून लपव. त्यांनी त्या एमाबाईंना सांगून टाकल्या. १८३९ साली लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत एमाबाईंनी त्यांना पत्र लिहिलं. (एकाच घरात राहून पत्र! पण काही गोष्टी तोंडाने बोलता येत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे.) त्यांची खरी काळजी एवढीच, की आपण दोघं कायमचे एकमेकांचे राहणार ना? चार्ल्सनी ते पत्र जन्मभर जपलं. आपण ते कितीदा चुंबून रडलो, हे त्यांनी त्याच्याच खाली लिहून ठेवलं.

१८५१ मध्ये त्यांची ॲनी दहा वर्षांची होऊन गेली. एमाबाईंचे दिवस भरत आलेले, त्यामुळे आईबापांपैकी लेकीजवळ चार्ल्सच. दुःख एकच, पण एमाबाईंची श्रद्धा टिकली आणि चार्ल्सची, आधीच विरत चाललेली, उरली नाही. नुसत्या भीतीनेच देव निर्माण होत असता तर दोघांचं सारखंच व्हायला नको होतं का?

पुढे १८७६ साली आत्मचरित्रात चार्ल्सनी लिहिलं, की लहानपणापासून मुलांवर देव बिंबवला तर तो मनातून काढणं माकडाने सापाची भीती टाकण्याइतकं कठीण. एमाबाईंना ते लागलं. पती गेल्यावर त्यांनी मुलाला तेवढं वाक्य गाळायला सांगितलं. १८८७ साली पुस्तक आलं ते त्या वाक्याशिवाय. शेवटी नातीने १९५८ मध्ये सगळं छापलं. मला विचाराल तर नातीने बरं केलं.

तेव्हा बाई, मुलाला सरळ सांगा, "मला देव आहे असं वाटतं, बाबांना वाटत नाही. तू मोठा होऊन बघ." आरतीला ये म्हणा, ओढून आणू नका. यजमानांना एकांतात सांगा, की वाद खुशाल घाला, पण मुलादेखत टोमणा नको. आणि त्यांच्या उशीखाली गुपचूप अंगारा ठेवणं तेवढं बंद करा. पत्रात तुम्हीच लिहिलंय म्हणून म्हणते!