म्हातारा सर्व्हर, नवा पत्ता

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही जरा जुन्या ऑफिसात डोकवा. कोपऱ्यात धूळ खात एक कॉम्प्युटर असतो आणि सगळं ऑफिस त्याच्याच जिवावर चालतं! स्टॉक त्यात, हजेरी त्यात, बिलं त्यात. सॉफ्टवेअर लिहिणारा केव्हाच पुण्याला गेला. आता बॉसना ते सगळं घरून, मोबाइलवर पाहिजे. इथंच घोडं पेंड खातं.

का? तर पत्ते संपलेत राव! इंटरनेटचे जुने, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ला वाटून झाले. मग इंटरनेट कंपन्यांनी जुगाड केला, एका पत्त्यावर अनेक ग्राहक. शिवाजी पेठेतला जुना वाडा आठवा. दारावर नंबर एक, आत बिऱ्हाडं वीस. आतून गेलेल्या पत्राचं उत्तर बरोबर पोचतं, कारण पत्र कुणी टाकलं ते दारावर लिहून ठेवलेलं असतं. पण अचानक आलेल्या पाहुण्याला कुठली खोली दाखवणार? आपला सर्व्हर अशाच आतल्या खोलीत अडकलाय.

यावर उतारा आयपीव्ही६. पत्ता ३२ ऐवजी १२८ बिटांचा, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा नंबर. २०१६मध्ये जिओ आलं ते हे घेऊनच. तुमच्या खिशातला फोन बहुतेक ही भाषा बोलतो. बोलत नाही तो कोपऱ्यातला म्हातारा!

मग त्याला रिटायर करायचं? छे! त्याच्यापुढे एक दुभाष्या बसवा. टेक्निकल नाव रिव्हर्स प्रॉक्सी. एनजिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी, दोन्ही फुकट मिळतात. बाहेर हा आयपीव्ही६ बोलतो, आत आयपीव्ही४. वेबवर चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला सहसा हातही लावावा लागत नाही. डोमेनच्या नावाला ‘क्वाड-ए’ नोंद जोडली, की फोनला रस्ता सापडतो. फक्त ब्रॉडबँडवाल्याला आधी विचारा: आयपीव्ही६ देता का, आणि पत्ता कायम राहील का?

पण एक मिनिट! दार उघडलं की ते चोरालाही दिसतं. वाड्याच्या गर्दीत म्हातारा लपून तरी होता. त्याचा पासवर्ड अजून ‘१२३४’ असेल, तर उद्या सगळ्यांच्या पगाराची यादी भलत्याच्याच हातात. सो, फायरवॉल चालू ठेवा, फक्त दुभाष्याचं दार उघडा आणि तिथं एन्क्रिप्शन, वेगळं लॉगिन लावा. नाहीतर सरळ व्हीपीएन घ्या.

बॉस खूश, म्हातारा खूश. ‘रविवारी घरून काही दिसत नाही ओ सर’ ही आपली सबब तेवढी गेली!