आधी ओळख, मग प्रार्थना



ज्याचं कर्म त्यानंच भोगायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग परक्या आजारी माणसासाठी आपण णमोकार म्हटला तर त्याचं काय भलं होणार? स्वाध्यायात हा प्रश्न अधूनमधून निघतोच. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे मला हिशेबाच्या भाषेत लवकर कळतं. माझ्या खात्यातलं पुण्य काढून दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यानं प्रार्थना फुकट जाते असं मला वाटत नाही. ती कुठून म्हटली जाते, दारातून की उशाशी बसून, यावर सगळं अवलंबून आहे.

यासाठी मला नेहमी फादर डेमियन आठवतात. ते आपल्या धर्माचे नव्हेत आणि आपल्या देशाचेही नव्हेत. बेल्जियममधल्या शेतकरी घरातला हा मुलगा मिशनरी होऊन १८६४ साली हवाई बेटांवर गेला. तिथल्या सरकारनं कायदा करून कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन ठेवायला सुरुवात केली होती. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला उभा कडा. एकदा गेलेला माणूस सहसा घरी परतत नसे. १८७३ च्या मे महिन्यात डेमियन तिथे गेले, तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पाद्र्यांनी पाळीपाळीनं जायचं असं ठरलं होतं, पण हे तिथेच राहिले. त्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला, पण औषध कुणाकडेच नव्हतं.

रोग्यांना हात लावू नका, असं त्यांना बजावलेलं होतं. त्यांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, घरं उभारायला मदत केली, शवपेट्या ठोकल्या, खड्डे खणले. हवाईची माणसं पोई खातात. ती अळूच्या कंदाची लापशी असते आणि सगळे एकाच भांड्यात बोटं बुडवून खातात. आपल्याला कंदमूळ वर्ज्य, ते सोडा. पण त्या भांड्यात डेमियननी बोटं बुडवली, तिथे मैत्री झाली. झोपड्यांतला जखमांचा वास त्यांनाही सहन होत नसे. तो जाणवू नये म्हणून ते पाइप ओढत, पण उठून जात नसत.

आपल्याकडे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा सांगितली आहे, म्हणजे रोगी देहाची किळस न करणं. उद्दायन राजाची कथा आपण मुलांना सांगतो. रोगी मुनींनी अंगावर वांती केली, तरी राजानं त्यांना स्वतःच्या हातानं धुतलं. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे तर अभ्यंतर तपात मोजलं जातं. कथा आपण भक्तीनं ऐकतो. उपवास किती झाले याचा हिशेब तोंडपाठ असतो. पण घरात कुणाला क्षयाचं निदान झालं की त्याचं ताट-वाटी वेगळी होते, आणि औषधानं संसर्ग थांबल्यावरसुद्धा वर्षभर ती वेगळीच राहते. डॉक्टरांनी सांगितलेली काळजी घेतलीच पाहिजे, मास्क लावलाच पाहिजे. पण काळजी आणि किळस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पडून असलेल्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

एका बाबतीत मात्र माझं मत स्पष्ट आहे. डेमियन धर्मप्रसारासाठीच गेले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सेवा करताना त्यांनी पंथ पाहिला नाही, म्हणून माझा नमस्कार. पण आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या उशाशी बसून आपला धर्म त्याच्या गळी उतरवणं मला पटत नाही, मग तो धर्म त्यांचा असो की आपला. "तुमच्यासाठी म्हणू का?" एवढं विचारावं. तो नको म्हणाला तर मनात म्हणावं. णमोकारात आपण काही मागत नाही, फक्त वंदन करतो. त्यामुळे तो मनात म्हटल्यानं कुणावर ओझं होत नाही.

१८८४ च्या अखेरीस डेमियन यांचा पाय कढत पाण्यात पडला आणि त्यांना चटका जाणवलाच नाही. त्यांनाही तोच रोग झाला होता. १८८९ च्या एप्रिलमध्ये, ४९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या प्रार्थनेनं कुणाचाही कुष्ठरोग बरा झाला नाही, त्यांचा स्वतःचाही नाही. पण एकटं मरायला आणून सोडलेल्या माणसांना नावानं हाक मारणारं कुणीतरी मिळालं. आपल्या आनंदवनाच्या बाबा आमट्यांना १९८३ साली जो डेमियन-डटन पुरस्कार मिळाला, तो त्यांच्याच नावाचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कुणी एकटं दिसलं तर आधी नाव विचारा. गाव कुठलं, घरी कोण असतं, ते ऐका. कुणाला कोणता भयंकर आजार झाला होता, त्या गोष्टी सांगू नका आणि औषधं सुचवू नका. पाणी हवंय का ते बघा. मग प्रार्थना करा. त्याचं कर्म त्याच्याच खात्यात राहील, पण तो ते भोगत असताना शेजारी कुणी असावं की नसावं, हे आपल्या हातात आहे.