मराठ्यांचं मनोधैर्य : उणे एक

मंडळी, सोमवारी ऑफिसात कुणी ‘वीकेंडला काय केलंस?’ विचारलं की मी ‘काही नाही रे, आराम’ म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर द्यायचं तर आधी समोरच्याला खाली बसवावं लागेल. कारण खरं उत्तर असं : लंडनला जाऊन दिवसभर बोटाच्या पेराएवढे सैनिक बघितले, त्यातले चाळीसेक विकत घेतले, आणि माझ्या वडिलांच्या वयाच्या एका माणसाशी १८०३ सालच्या एका लढाईवरून वीस मिनिटं वाद घातला.

या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. प्लास्टिकचे किंवा धातूचे सैनिक आणायचे, कापायचे, चिकटवायचे, ट्रिपल झीरोच्या ब्रशने रंगवायचे आणि टेबलावर डोंगर-नद्या-गावं मांडून नियमांनी लढाई खेळायची. अंतर मोजायला टेप, नशिबाला फासे. बुद्धिबळात असतो तसा पट नसतो, घरं नसतात, आणि दोन्ही बाजू समान असण्याचीही सक्ती नसते. बहुतेकांकडे खेळलेल्यापेक्षा न रंगवलेले सैनिक जास्त असतात. त्या ढिगाला इकडची मंडळी ‘शिशाचा डोंगर’ म्हणतात (पूर्वी सैनिकांत शिसं असायचं म्हणून). आपल्या भाषेत बॅकलॉग. माझा बॅकलॉग ऑफिसातल्यापेक्षा मोठा आहे आणि तो वाढला तरी कुणी मीटिंग लावत नाही, हे या छंदाचं मोठं सुख.

तर, सॅल्यूट. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स नावाच्या क्लबचे लोक हौसेने भरवतात ते एका दिवसाचं प्रदर्शन. शनिवार, साधारण एप्रिल, जागा लंडनच्या पूर्वेकडचं एक्सेल सेंटर. हॉल म्हणजे विमानांचं हँगर वाटावं असा, खाली काँक्रीट, वरून फिकट उजेड. त्या उजेडाबद्दल कुरकुर करणं हाही परंपरेचा भाग. अर्धा हॉल दुकानं, अर्धा हॉल टेबलं. काही टेबलं नुसती बघायची, काहींवर तुम्हाला खुर्ची देऊन फासे हातात ठेवतात. गर्दी बहुतांशी पन्नाशीच्या पुढची, पुरुषांची आणि गोरी. पाठीवर सॅक. त्या सॅक अरुंद बोळात कशा लागतात ते दादरच्या पुलावरून गेलेल्याला वेगळं सांगायला नको.

‘मोठे झाले तरी खेळतात’ असं हसण्याआधी थोडा इतिहास. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांची कल्पना सुधारून ‘क्रीगश्पील’ आणला : नकाशा, फासे आणि एक पंच, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण त्यावर व्हायचं. मग १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी, म्हणजे ‘टाइम मशीन’वाल्या वेल्सनी, ‘लिटल वॉर्स’ लिहून तो खेळ दिवाणखान्यात आणला. गृहस्थ युद्धाच्या विरोधात होते, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि छंद पसरला. लेखक दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होते. आणि धंदा म्हणाल तर वॉरहॅमर बनवणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी डिसेंबर २०२४मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत गेली. बाहुल्या विकून!

असो. मला सांगायचंय ते एका टेबलाबद्दल.

नॉर्मंडी, वॉटर्लू, रोमन, अंतराळातले राक्षस असं बघत चाललो होतो, तर एका क्लबच्या टेबलावर दोन नद्या दिसल्या. मातकट जमीन, बाभळी, मातीच्या भिंतींचं एक गाव. पाटी वाचायच्या आधीच ओळखलं : केळणा आणि जुई. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. आपला जालना जिल्हा, लंडनच्या हॉलमध्ये, सहा फूट बाय चार फूट.

ज्यांचा इतिहास दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी : एकीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मित्रपक्षाचं घोडदळ सोडलं तर त्याची फौज पाच हजारांच्या आसपास, आपली कित्येक पटींनी मोठी. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. त्याने बघितलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत. म्हणजे उतार असणारच. आणि तो होता. तिथून तो पलीकडे गेला. शिंद्यांच्या कवायती पलटणी (त्यांना कंपू म्हणत, ऑफिसातल्या कंपूबाजीतला कंपू तोच) पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. त्याने अख्खी रांग काटकोनात फिरवून वेलस्लीसमोर उभी केली. वेलस्ली जिंकला, शंभराच्या आसपास तोफा त्याच्या हाती लागल्या, पण त्याचे दीड हजारांहून जास्त लोक मेले नाहीतर जखमी झाले. म्हातारपणी त्याने स्वतःची सर्वांत चांगली लढाई म्हणून वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घेतल्याचं सांगतात.

टेबलाशेजारी पलटणींची कार्डं मांडली होती. स्कॉटिश हायलँडर : कसलेले. मद्रासचे शिपाई : नियमित. पोलमनचे कंपू : नवखे, मनोधैर्य उणे एक.

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. सहा बाजूंच्या फाशावर चार किंवा जास्त पडलं तर पलटण टिकते, असा नियम होता. उणे एक म्हणजे पाच लागतात. एका वेळी निम्म्याऐवजी एक तृतीयांश शक्यता. फार नाही वाटत. पण अशा चार परीक्षा लागोपाठ द्यायच्या तर सोळात एकदा टिकणारी पलटण आता एक्याऐंशीत एकदा टिकते. थोडक्यात, मराठे पळणार हे फासे टाकण्याआधीच कार्डावर छापलेलं होतं.

मी त्या पांढऱ्या दाढीच्या काकांना विचारलं, हा आकडा कुठून आला? ते रागावले नाहीत. उलट खुलले. म्हणाले, कंपनीने लढाईआधी जाहीरनामा काढल्यावर शिंद्यांच्या नोकरीतले बरेच इंग्रज अधिकारी सोडून गेले होते. अधिकारी गेले की पलटणीचा कणा जातो. मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटलं, ठीक, पण गोलंदाज? असईत शिंद्यांचे गोलंदाज तोफांवर कापले जाईपर्यंत हलले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा फिरवल्या. चौऱ्याहत्तराव्या पलटणीची दाणादाण उडाली ती कुणामुळे? काकांनी खिशातून वही काढली, ‘गोलंदाज : कसलेले’ असं लिहिलं आणि विचारलं, ‘पायदळाचं काय करायचं?’ त्यावर वीस मिनिटं गेली. पायदळाचा उणे एक तसाच राहिला, पण पहिल्या दोन चालींनंतरच लागू करायचा असं ठरलं.

या माणसाला केळणेचा उतार कुठल्या दोन गावांमध्ये होता ते पाठ होतं. जालन्यावरून आपण कितीदा जातो; मुद्दाम असईला उतरलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

माझं म्हणणं इतकंच आहे की नियम म्हणजे आकड्यात लिहिलेलं मत असतं. तो उणे एक कुणीतरी इंग्रजी पुस्तकं वाचून ठरवला, आणि शिंद्यांचे सैनिक दर शनिवारी त्या आकड्याने पळतात. तो खोडायला घोषणा चालत नाही, पुरावा आणि दुसरा आकडा लागतो. आणि आपल्याकडे इतिहासावरचं प्रेम इतकं उदंड असूनही आपण दुसरा आकडा मांडत नाही, कारण त्यासाठी हरायची शक्यता मान्य करावी लागते. शत्रूची बाजू घेऊन कुणीतरी खेळावं लागतं, तेही जिंकायच्या इराद्याने.

दिवाळीतले आपले किल्ले आठवा. विटा, पोती, लाल माती, हळीव पेरून केलेलं रान, बुरुजापेक्षा उंच महाराज, आणि त्यांच्या गुडघ्याएवढा हत्ती. हा मिनिएचरचाच छंद की, आणि ज्या वयात ही इकडची मुलं पहिला डबा रंग उघडतात त्याच वयात आपण तो बंद करतो! पण त्या किल्ल्यावर मावळे असतात, वासुदेव असतो, भाजीवाली असते, एखाद्या वाड्यात हेलिकॉप्टरही असतं. शत्रू मात्र मी क्वचितच बघितलाय. वेढा नसलेला किल्ला. ज्याला वेढा नाही तो राखायचा कसा हा प्रश्नच येत नाही.

म्हणून सध्या मी पानिपतचे नियम लिहितोय. १४ जानेवारी १७६१, सहा खेळाडू. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि तोफा सोप्या आहेत, उंटांवरच्या जंबुरक्याही जमल्या. विंचूरकर-गायकवाडांचं घोडदळ गारद्यांना सोडून पुढे घुसतं, तो मोह नियमात कसा आणायचा तेही सुचलंय : पुढे गेल्यास हल्ल्याला बक्षीस, डावी फळी उघडी. अब्दालीचं राखीव दळ त्याच्या खेळाडूने स्वतः ठरवून सोडायचं, तोपर्यंत ते पडद्याआड. मित्रांना मेल टाकला. भाऊ व्हायला चौघे तयार आहेत, मल्हारराव व्हायला एक, तोही कुरकुरत. अब्दाली व्हायला अजून कुणी नाही. एकाने लिहिलंय, ‘हा खेळ आईला कळला तर?’

अडलंय ते भुकेवर. उपाशी फौजेचं मनोधैर्य दर तासाला एक उणे करावं, की सकाळी पूर्ण ठेवून दुपारनंतर एकदम कोसळू द्यावं? दुपारपर्यंत पारडं आपल्याकडे होतं हे बघता मी दुसऱ्याकडे झुकतोय. पण मग छावणीबरोबरचे हजारो यात्रेकरू आणि बायकामुलं टेबलावर ठेवायची कुठे, हे अजून सुटलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा. आणि अब्दाली व्हायचं असेल तर तेही सांगा, फासे माझे.